सदस्य सचिवाचं टेबल

पत्र लांब आहे, म्हणून थोडं आखडतं घेऊन छापते. त्यातली एथिक्स कमिटी म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला आधी मंजुरी देणारी समिती.

“मॅडम, मी एका अभिमत विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्राची सहयोगी प्राध्यापक आहे. चार महिन्यांपूर्वी डीननी केबिनमध्ये बोलावलं, चहा दिला आणि म्हणाले, ‘आजपासून एथिक्स कमिटीच्या मेंबर सेक्रेटरी तुम्ही.’ आधीचे सर निवृत्त झाले होते. त्यांनी एका लोखंडी कपाटाची किल्ली दिली आणि शुभेच्छा दिल्या. वर्षाला पीजींचे, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे, सव्वाशे सिनॉप्सिस (प्रबंधांचे आराखडे) येतात, त्यातले शंभर शेवटच्या आठवड्यात. बैठक तीन महिन्यांतून एकदा होते. गेल्या बैठकीत साठ प्रपोजल होती, तीन तासांत संपवली. क्लार्क अर्धा दिवस माझा, अर्धा दिवस लायब्ररीचा. गाईड मंडळी भेटली की म्हणतात, ‘तुमच्या एथिक्समुळे आमची मुलं अडकतात.’ आता कुलगुरूंनी ‘संशोधन नीतिमत्ता व नियामक साहाय्य कक्ष’ काढायचं ठरवलंय. पंधरा दिवसांत प्रस्ताव द्या म्हणाले. नॅकचं मूल्यांकनही तोंडावर आहे. कुठून सुरुवात करू?

ता. क. : सर्जरीच्या एका ज्येष्ठ सरांनी कमिटीच्या मंजुरीआधीच अभ्यासात बावीस पेशंट घेतलेत. ते मागच्या तारखेचं मंजुरीचं पत्र मागतायत. सोमवारी पुन्हा येतो म्हणालेत.”

तुमचं पत्र दोन पानांचं आणि खरा प्रश्न ताजा कलमात. कक्ष पंधरा दिवस थांबेल, नॅकही थांबेल. सर सोमवारी येणार आहेत. म्हणून आधी सोमवारचं बोलू.

मागच्या तारखेचं पत्र द्यायचं नाही. त्यावर कमिटीत चर्चाही ठेवायची नाही, कारण चर्चेला ठेवलं की कोणीतरी ‘या वेळेपुरतं’ म्हणणारच. हे उपदेश म्हणून सांगत नाही. मी नवी होते तेव्हा एकदा असं पत्र दिलेलं आहे. तारीख फक्त अठरा दिवस मागची, काम साधं, गाईड भला माणूस. दोन वर्षांनी त्या रेसिडेंटचा पेपर एका नियतकालिकाकडे गेला आणि संपादकांनी मंजुरीच्या बैठकीचं इतिवृत्त मागितलं. त्या तारखेला बैठक झालेलीच नव्हती. आमचे वकील सदस्य त्या दिवशी मुलीच्या लग्नात होते, आणि अर्धी कमिटी तिथेच जेवत होती. पेपर परत आला. गाईड मला एक शब्द बोलले नाहीत. तो मुलगा मात्र म्हणाला, “मॅडम, तुम्ही नाही म्हणाला असता तर मी महिनाभर थांबलो असतो ना?” याचं उत्तर मला तेव्हाही सुचलं नव्हतं.

तेव्हा सोमवारी सरांना एवढंच सांगा : “सर, पत्रावरची तारीख मी बदलीन. पण त्या दिवशीच्या हजेरीवर पाच जणांच्या सह्या कुठून आणू?” वाद तत्त्वावर नेऊ नका. ज्येष्ठ सर्जनशी तत्त्वावर वाद घालून कोणी जिंकल्याचं मी पाहिलेलं नाही. सह्यांवर बोला.

मग कागदी काम. आजपासून नवीन पेशंट घेणं थांबवा, असं त्यांना लेखी द्या. त्या बावीस जणांचं काय झालंय ते आधी नीट विचारा, कारण सगळं त्यावर आहे. नेहमीचंच ऑपरेशन झालं, नेहमीच्याच नोंदी झाल्या आणि आता फक्त त्या नोंदी वापरायच्या असतील, तर जुन्या नोंदींवरचा अभ्यास म्हणून वेगळं प्रपोजल येऊ शकतं. संमतीत सूट द्यायची का, ते कमिटी ठरवेल. पण अभ्यासासाठी म्हणून कोणाला काही वेगळं केलं असेल, जास्तीचं रक्त काढलं असेल, वेगळी जाळी बसवली असेल, तर ती माहिती अभ्यासात येणार नाही. मागे जाऊन मंजुरी देता येत नाही. ही माणसं मात्र वाऱ्यावर सोडायची नाहीत. त्यांची पुढची तपासणी कोण करणार हे त्याच पत्रात लिहून घ्या. आणि हा सगळा प्रकार पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात, सौम्य शब्दांत पण पूर्ण, यायला हवा.

सर विचारतील, सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदवून टाकलं तर? तिथेही ते दार बंद आहे. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया २००७ साली सुरू झाली, आणि १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला पेशंट घेण्याआधीच नोंदणी करावी लागते.

आता कक्षाबद्दल.

तुमच्या प्रस्तावाचा मसुदा मी वाचला. त्यात अकरा उद्दिष्टं आहेत, ‘सक्षमीकरण’ हा शब्द सात वेळा आहे, आणि कक्षात बसणार कोण हे कुठेच नाही. शिवाय कक्षाचे प्रमुखही तुम्ही आणि कमिटीच्या सदस्य सचिवही तुम्हीच. हे करू नका. माझ्या मते या सगळ्यात सांगण्यासारखी गोष्ट ही एकच आहे : प्रपोजल सुधारायला मदत करणारा माणूस वेगळा आणि त्यावर निर्णय देणारी मंडळी वेगळी. ज्या हातानं रेसिडेंटचा प्रोटोकॉल दुरुस्त केला, त्याच हातानं त्याला मंजुरी दिली, की आपण आपलीच उत्तरपत्रिका तपासतो. आणि मदत करणारा कोणी नसला, की कमिटी बैठकीतच मदत करायला लागते. तुमच्या साठ प्रपोजलांचं तेच झालंय. तीन तास म्हणजे एकशेऐंशी मिनिटं, प्रत्येकाला तीन. त्या तिनातली दोन शीर्षकातलं स्पेलिंग आणि सॅम्पल साइजचं सूत्र यात जातात. उरलेल्या एका मिनिटात पेशंटचा विचार करायचा.

कक्ष विद्यापीठाचा, संशोधन संचालकांच्या हाताखाली. कमिटी स्वतंत्र. २०१९ च्या नव्या औषधांच्या नियमांत, म्हणजे न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्समध्ये, कमिटीची रचना स्पष्ट आहे : किमान सात सदस्य, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्ष बाहेरचाच. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संस्थाप्रमुखानं कमिटीवर बसायचं नाही. त्यानं कमिटी नेमायची आणि वाद झाला तर ऐकून घ्यायचा. तुमचे डीन ‘निमंत्रित’ म्हणून दर बैठकीला येतात असं तुम्ही सहज लिहून गेलात. ते सहज नाही. डीन समोर बसलेले असताना त्यांच्या युनिटच्या प्रपोजलवर कोण बोलणार? त्यांना चहाला बोलवा, बैठक संपल्यावर.

आणि हो, तुमच्याही पीजी आहेत. त्यांचं प्रपोजल आलं की तुम्ही उठून बाहेर जायचं आणि ‘बाहेर गेल्या’ अशी नोंद इतिवृत्तात करायची. खुर्ची मागे सरकवून खिडकीकडे बघत बसणं म्हणजे बाहेर जाणं नव्हे. आमच्याकडे काही वर्षं तसंच चालायचं.

कक्षात एक पूर्णवेळ समन्वयक मागा. रेसिडेंट नको, लायब्ररीबरोबर वाटून घेतलेला क्लार्क नको. फार्म. डी. झालेली मुलगी, एम. एस्सी. नर्सिंग केलेली सिस्टर, मेडिकल सोशल वर्कर, यांतलं कोणीही चालेल. मला विचाराल तर मी सिस्टर घेईन. वॉर्डात काय चालतं ते तिला कोणी सांगावं लागत नाही. शिवाय कुठल्या युनिटमध्ये संमतीपत्रावर सही ऑपरेशनच्या आदल्या रात्री ‘ह्याच्यावर पण एक करा’ म्हणून घेतात, तेही तिला माहीत असतं.

या समन्वयकाचं मुख्य काम म्हणजे सिनॉप्सिसची ओपीडी. आठवड्यातून एक दुपार, समजा बुधवारी तीन ते पाच. ज्याला प्रपोजल द्यायचंय त्यानं कच्चा मसुदा घेऊन यायचं. मदतीला आळीपाळीनं एक संख्याशास्त्रज्ञ आणि एक जुना गाईड, आणि त्या दुपारी बसणारे दोघंही कमिटीवर नसावेत. तिथे पहिला प्रश्न हा : हे काम नेमकं कुठल्या खान्यातलं? कारण तुमच्या कपाटात दोन वेगवेगळ्या नोंदण्या आहेत आणि त्या का आहेत हे तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. नव्या औषधांच्या ट्रायल्स बघायच्या तर कमिटीची नोंदणी केंद्रीय औषध नियंत्रकांकडे, म्हणजे सीडीएससीओकडे. बाकीचं जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधन, ज्यात तुमचे बहुतेक प्रबंध येतात, त्यासाठी नोंदणी आरोग्य संशोधन विभागाकडे, नैतिक नावाच्या पोर्टलवर. दोन्हींची मुदत वेगळ्या तारखांना संपते. पहिलीची संपत आलीय असं म्हणता, तर नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या नव्वद दिवस आधी जायला हवा. हे पत्र वाचून झालं की उठून ती तारीख बघा.

खान्यांची गोष्ट किती फसवी असते त्याचं एक उदाहरण देते. तुमच्या सव्वाशेत भूलशास्त्राचे दहा-बारा सिनॉप्सिस असतील, आणि त्यातल्या दोन-तीनांत तरी स्पायनलमध्ये, म्हणजे मणक्यातून द्यायच्या भुलीत, बुपिव्हकेन या नेहमीच्या औषधाबरोबर डेक्समेडेटोमिडिन घालून भूल किती वेळ टिकते ते बघायचं असेल. गाईड म्हणतील, “रुटीन आहे हो मॅडम, आम्ही रोज देतो.” देतात, खरं आहे. पण ते औषध मंजूर झालंय शिरेतून गुंगीसाठी देण्याकरता. मणक्यात देणं हा नवा मार्ग. म्हणजे हा प्रबंध साधा निरीक्षणाचा अभ्यास राहत नाही, ती २०१९ च्या नियमांतली ‘अकॅडमिक क्लिनिकल ट्रायल’ होते. कंपनीला मंजुरीसाठी आकडे द्यायचे नसतील तर डीसीजीआयची (हेच केंद्रीय परवाना अधिकारी) परवानगी लागत नाही, कमिटीची पुरते. पण कमिटीनं असं मंजूर केलेलं काम केंद्रीय परवाना अधिकाऱ्यांना कळवायचं असतं. शंका असेल तर विचारायचंही असतं, आणि तीस दिवसांत काही उत्तर आलं नाही तर परवानगीची गरज नाही असं धरता येतं. साधं एक पत्र, पण ते कोणी पाठवत नाही, कारण ते पाठवायचं असतं हेच कोणाला ठाऊक नसतं. ‘नियामक साहाय्य’ म्हणजे हे. समन्वयकाच्या टेबलावर या पत्राचा नमुना असला की झालं.

खाना ठरला की बैठकीचं ओझंही उतरतं. ओळख पुसलेल्या जुन्या स्लाइड मोजायच्या आहेत, अशा कामाला पूर्ण बैठक कशाला? सूट द्यायची की त्वरित परीक्षणाला पाठवायचं हे कमिटीनं ठरवायचं (गाईडनं नाही, हे दर वेळी सांगावं लागतं), दोघा-तिघांनी बघायचं आणि पुढच्या बैठकीत ठेवायचं. माझा अंदाज, तुमच्या साठांतले पस्तीस-चाळीस असे निघतील. उरलेल्यांसाठी बैठक दर महिन्याला घ्या, दुसरा शनिवार वगैरे पक्का वार ठरवून. शेवटच्या आठवड्यातले शंभर त्यानं बंद होणार नाहीत. पीजी हा प्राणी शेवटच्या आठवड्यातच जागा होतो, त्याला इलाज नाही.

कोरमचं, म्हणजे बैठकीला लागणाऱ्या किमान हजेरीचं, एक बघा. पाच जण लागतात, पण कुठलेही पाच नाहीत : वैद्यकशास्त्रज्ञ, शक्यतो औषधशास्त्राचा, क्लिनिशियन, कायदेतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ किंवा तसा कोणी, आणि सामान्य नागरिक. वकीलसाहेब कोर्टात अडकले की बारा डॉक्टर बसलेले असूनही बैठक होत नाही. प्रत्येक बिगरवैद्यकीय जागेला एक पर्यायी सदस्य नेमून ठेवा, आणि त्यांचीही रीतसर नोंद करा. बाहेरच्यांना मानधन आणि गाडीभाडं वेळेवर द्या. तुमच्या मसुद्यात उद्घाटनाच्या कार्यशाळेला जेवढी तरतूद आहे, तेवढ्यात वर्षभराचं मानधन निघेल. दीपप्रज्वलनानं संमतीपत्र सुधारल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

संमतीपत्रावर मात्र मी जरा रेंगाळणार आहे.

आमच्या कमिटीवर सामान्य नागरिक म्हणून एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर होते. पहिल्या चार बैठका ते गप्प. पाचव्या बैठकीत मधुमेहाच्या एका ट्रायलचं मराठी संमतीपत्र त्यांच्यासमोर होतं. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं : “आपणास यादृच्छिकीकरणाद्वारे दोन गटांपैकी एका गटात समाविष्ट करण्यात येईल.” मग चष्मा काढून म्हणाले, “मॅडम, हे मी प्रवाशाला वाचून दाखवलं असतं तर तो गाडीतून उतरला असता.”

सगळे हसले. मी म्हटलं, तुम्ही कसं सांगाल? त्यांनी आधी त्याचा अर्थ विचारला. आम्ही समजावला. त्यांनी सुचवलं : “तुम्हाला दोनपैकी कोणतं औषध मिळेल ते चिठ्ठी टाकून ठरेल.” छान, म्हटलं. पण ते थांबले नाहीत. “चिठ्ठी? पण डॉक्टर तर पेशंट बघून औषध देतात ना? मग चिठ्ठी कशाला?” खोली एकदम शांत झाली. कारण संशोधनातली सगळ्यात अवघड गोष्ट त्यांनी सहज विचारली होती. पेशंटला वाटतं, डॉक्टर माझ्यासाठी सगळ्यात चांगलं ते देणार. आणि ट्रायल असते कशासाठी, तर सगळ्यात चांगलं काय हे डॉक्टरलाच माहीत नसतं म्हणून. शेवटी कागदावर असं आलं : “या दोन औषधांपैकी कोणतं जास्त चांगलं हे आम्हाला अजून माहीत नाही. तेच शोधायचं आहे. म्हणून तुम्हाला कोणतं मिळेल हे डॉक्टर ठरवणार नाहीत, चिठ्ठी टाकून ठरेल. तुम्हाला भाग घ्यायचा नसेल तर नेहमीचे उपचार चालूच राहतील.”

पीआय, म्हणजे प्रमुख संशोधक, नाराज. “आम्हाला माहीत नाही असं लिहिलं तर कोण सही करणार?” केल्या, बऱ्याच जणांनी केल्या. काहींनी नाही म्हटलं. त्या युनिटमध्ये नाही म्हणणारा पेशंट तोवर कोणी पाहिला नव्हता, आणि रेसिडेंटला तो धक्का पचवायला आठवडा लागला.

त्यानंतर आम्ही एक पद्धत पाडली. संमतीपत्राचा मराठी मसुदा आधी सामान्य सदस्यानं वाचायचा आणि परत आपल्या शब्दांत सांगायचा. जे त्यांना सांगता आलं नाही ते वाक्य बदलायचं. ‘दहा मिलिलिटर रक्त’च्या पुढे ‘म्हणजे दोन चहाचे चमचे’ आलं. ‘प्लासिबो’च्या जागी ‘तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी’. ‘प्रतिकूल घटना’ गेली आणि ‘त्रास झाला तर’ आलं. भाषांतर कंपनीकडून प्रमाणपत्रासह येणारं मराठी बहुतेक वेळा हिंदीवरून येतं, हे तुम्ही पाहिलंच असेल. ‘आपणास विनंती आहे की’ असं सुरू झालेलं वाक्य तीन ओळींनंतर कुठे उतरतं ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तुमचा कक्ष हे एक काम मनापासून करील तरी मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन.

अंगठ्याचं वेगळं. वाचता न येणाऱ्या माणसाची संमती घेताना तटस्थ साक्षीदार लागतो. आता तुमच्या कपाटातल्या जुन्या फायली काढा आणि साक्षीदाराच्या सह्या एकापुढे एक ठेवून बघा. आम्ही बघितल्या तेव्हा चाळीस संमतीपत्रांवर एकाच वॉर्डबॉयची सही निघाली, एकाच पेनानं. तो तटस्थ होता यात शंका नाही, तो त्या दिवशी रजेवर होता.

कोण कोणासाठी सही करतं, हा आपल्या देशात किती महागात पडलेला प्रश्न आहे ते तुमच्या गाईड मंडळींना एकदा सांगा. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची, लस देण्याचा प्रकल्प झाला. पाथ ही अमेरिकी संस्था आणि आयसीएमआर त्यात होती. मुली बऱ्याचशा आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. कित्येक संमतीपत्रांवर आईबापांच्या नव्हे, वसतिगृहाच्या वॉर्डनच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर गदारोळ झाला, एप्रिल २०१० मध्ये काम थांबलं. मृत्यू लसीमुळे झाले असं चौकशीत आलं नाही, पण संमतीचा प्रकार संसदेच्या स्थायी समितीनं २०१३ च्या अहवालात उघडा पाडला. त्यातली आणखी एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. हा प्रकल्प म्हणजे ट्रायल नव्हेच, नुसतं ‘प्रात्यक्षिक’ आहे, असं सांगितलं गेलं होतं. “मॅडम, हे रिसर्च नाही, नुसतं ऑडिट आहे,” असं तुमच्याकडे कोणी म्हणालं की मला तो शब्द आठवतो. ऑडिट असेलही. पण ते आधी दाखवा, मग ठरवू.

आता जी गोष्ट रविवारी रात्रीच घडते तिच्याबद्दल. ट्रायलमधला पेशंट गंभीर झाला किंवा दगावला तर पीआयनं चोवीस तासांत सीडीएससीओ, स्पॉन्सर (ट्रायल करवणारी कंपनी) आणि कमिटीला कळवायचं असतं. चौदा दिवसांत विश्लेषण. मृत्यू असेल तर कमिटीनं तीस दिवसांत आपलं मत द्यायचं, आणि त्यात भरपाई किती हेही येतं. भरपाईचं सूत्र नियमांतच आहे : मूळ रक्कम आठ लाख, गुणिले वयाचा आकडा, गुणिले जोखमीचा आकडा, भागिले ९९.३७. पासष्टीच्या पुढच्या माणसाचा वयाचा आकडाही ९९.३७, म्हणजे तिथे आठ लाख गुणिले जोखीम, एवढंच उरतं. जोखमीचा आकडा आजार किती पुढे गेला होता त्यावर अर्ध्यापासून चारपर्यंत. अर्धा धरला तर कुटुंबाला चार लाख, दोन धरले तर सोळा. हा आकडा ठरवताना टेबलाभोवती बसलेल्यांपैकी किती जणांनी केसपेपर पूर्ण वाचलेला असतो? आमच्याकडे पहिल्या वेळी एकानंही नव्हता. ती बैठक मी तहकूब केली, केसपेपरच्या प्रती काढल्या आणि तीन दिवसांनी पुन्हा बसलो. निर्णय अधिकारी दिल्लीत देतात, खरं आहे, पण त्यांच्यासमोर आपलं मत असतं.

यासाठी कक्षाला एक मोबाईल लागेल, जो समन्वयकाबरोबर घरी जाईल आणि सुट्टीत दुसऱ्याकडे. नंबर प्रत्येक संमतीपत्रावर. तुमचा वैयक्तिक नंबर छापू नका. पेशंट फोन करत नाहीत, करतात ते रेसिडेंट, रात्री दीड वाजता.

आणि पैशांचा प्रश्न, ज्यावर तुमच्या मसुद्यात एक ओळही नाही. कंपनीच्या ट्रायलला विमा असतो. पीजीच्या प्रबंधाला काय असतं? त्या डेक्समेडेटोमिडिनवाल्या पेशंटला काही झालं तर खर्च कोण करणार, रेसिडेंट? त्याच्या विद्यावेतनातून? संशोधनामुळे झालेल्या इजेचे उपचार आणि भरपाई ही जिथे स्पॉन्सर नाही तिथे संस्थेची जबाबदारी. कुलगुरूंकडे दोन गोष्टी मागा : अशा पेशंटचे उपचार विद्यापीठाच्या रुग्णालयात मोफत होतील असा लेखी ठराव, आणि एक छोटा निधी किंवा सामूहिक विमा. ते विचारतील, “आजवर कधी लागला का?” तुमचं उत्तर : “कोणी विचारलंच नाही, म्हणून लागला नाही.” हे जरा उद्धट वाटेल, तुमच्या पद्धतीनं सांगा.

गाईड मंडळींच्या ‘अडवणुकी’बद्दल. यात थोडं तथ्य आहे. तीन महिन्यांनी बैठक, त्यात ‘किरकोळ दुरुस्त्या’, त्या दुरुस्त्या पुढच्या बैठकीपर्यंत पडून. मुलाचे सहा महिने गेले, आणि दुरुस्ती काय तर पानांना क्रमांक. अशा वेळी राग येणारच. ओपीडी सुरू करा, किरकोळ दुरुस्त्या तुम्ही आणि अध्यक्षांनी आठवड्यात निकालात काढा, निम्मी कुरकुर थांबेल. उरलेली निम्मी थांबणार नाही. ती वेळेची नसते, आपल्याला कोणी विचारतंय याची असते. तिच्यामागे लागू नका.

त्यापेक्षा मंजुरीनंतर काय होतं ते बघायला जा. महिन्यातून एकदा, दोन सदस्य, एक चालू अभ्यास. फायली बघा, पण त्याआधी एका पेशंटशी बोला. “तुम्ही कसल्या अभ्यासात आहात?” एवढंच विचारा. एका आजींनी मला सांगितलं होतं, “त्या सायबांनी सई घेतली, फुकट तपासणीची हाय.” फाईल निर्दोष होती.

नॅकबद्दल फार बोलत नाही. इतिवृत्त, सभासदांची हितसंबंधांची घोषणापत्रं, प्रशिक्षणाच्या नोंदी, एसओपी (लेखी कार्यपद्धती) हे नीट असलं की नॅकचं आपोआप होतं. पुढे जमलं तर एनएबीएच या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या मंडळाची एथिक्स कमिटीसाठी वेगळी मान्यता आहे, ती घ्या. तिची तयारी करताना तुमच्याच पद्धतीतली भोकं दिसतात. पण दोन वर्षं जाऊ द्या.

मसुदा दीड पानांचा करा. अकरा उद्दिष्टं काढून टाका. एक पूर्णवेळ माणूस, कुलूप असलेली एक खोली (सध्याचं कपाट बाहेरच्या पॅसेजमध्ये आहे म्हणालात, त्यात पेशंटची नावं आहेत), एक फोन, बाहेरच्या सदस्यांचं मानधन, इजेचा निधी, आणि कमिटीच्या निर्णयात संशोधन संचालकांपासून कुलगुरूंपर्यंत कोणी ढवळाढवळ करणार नाही असं एक वाक्य, त्यांच्याच सहीनं. तपासणी शुल्क लावणार असाल तर ते मंजुरी मिळो न मिळो सारखंच असेल हेही लिहा. खोली मिळेल. माणूस देताना खळखळ होईल, ‘सध्या कंत्राटी घ्या’ म्हणतील. कंत्राटी घ्या, पण तीन वर्षांचं कंत्राट मागा. दर अकरा महिन्यांनी नवी मुलगी शिकवत बसलात तर कक्ष म्हणजे परत तुम्हीच.

रविवारी झोप काढा. सोमवारी सर यायच्या आधी तुम्हीच त्यांच्या ओपीडीत जा, गर्दी ओसरल्यावर, साडेबाराच्या सुमारास. पेशंट घेणं थांबवण्याचं पत्र सोबत न्या, दोन प्रतींत. एकीवर पोच म्हणून सही घ्या. तारीख सोमवारचीच.